मोटारीचं घोंगडं

माप घेण्याच्या फितीचं पत्र्याचं टोक माझ्या डाव्या खांद्याला टेकलं आणि मी शिवलीलाचा हात झटकून टाकला. झालं एवढंच. शिंपी दिवसभर लोकांच्या खांद्यांना फीत लावतो, कोणी त्याच्या अंगावर जात नाही. पण त्या पोरीचं तोंड एवढंसं झालं, "दुखलं का काका?" म्हणत ती दोन पावलं मागं सरली आणि मला माझीच चीड आली. "न्हाय गं, गार लागलं," मी म्हणालो. सोलापुरात, एप्रिलात, दुपारी बारा वाजता, डोक्यावर तापलेला पत्रा, बनियन घामानं अंगाला चिकटलेलं, आणि सुभेदारसाहेबांना म्हणे गार लागलं! कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला तिचा जोडीदार पंचाक्षरी तोंड फिरवून हसला. शेजारच्या शेडमध्ये टॉवेलचे माग खडखडत होते. त्या आवाजात माणसाचं बोलणं बुडून जातं, माझं खोटं तेवढं बुडालं नाही. शिवलीलानं पुन्हा फीत उचलली, या खेपेला उजव्या खांद्यापासून सुरुवात केली आणि डाव्याजवळ आल्यावर टोक न टेकवताच अंदाजानं आकडा लिहून घेतला. बापाची लेक. तोही असाच. दुसऱ्याचं दुखणं दिसलं की विचारायचा नाही, वळसा घालून जायचा.

तिचा बाप शरणबसव माझ्या पलटणीत हवालदार होता. तो मैंदर्गीचा, मी तिथून दोन कोसांवरच्या वाडीचा, मेंढरंवाल्याच्या घरातला. चार वर्षांपूर्वी सीमेवर ड्रोनमधून पडलेल्या गोळ्यानं तो गेला, आणि त्याला पाठीवर घेऊन खाली उतरवणारा मी. पुढच्या वर्षी पेन्शनीत निघालो आणि सोलापूर शहरालगतच्या जुळे सोलापूर वस्तीत येऊन राहिलो. शिवलीला तेव्हा इंजिनिअरिंगला होती. शिकून पोरगी पुण्याला जाईल असं सगळ्यांना वाटत होतं, तर ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसली. काय करते, तर पायदळातल्या जवानासाठी कवच. छातीला-पाठीला जाड कठीण पाट, कंबरेला, गुडघ्यांना आणि कोपरांना मोटारी, मागं बॅटरी. आपण पाऊल उचलायला गेलो की मोटार ते ओळखते आणि पाय वर घेते, त्यामुळं चाळीस किलोचं ते ओझं अंगावर जाणवतच नाही. कागदावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. मी मोटारीचं घोंगडं म्हणतो. पुढच्या महिन्यात पुण्यात मोठे साहेब ते बघणार होते, आणि त्याआधी ड्रोनखाली प्रत्यक्ष सापडलेल्या एखाद्या जुन्या जवानाचा अभिप्राय जोडायचा होता. असा जवान सोलापुरात तिला एकच माहीत. फॉर्म चार पानी, सगळा इंग्रजी. शेवटचा प्रश्न तेवढा तिनं स्वतः मराठीत घातला होता. हे कवच अंगावर असतं तर ड्रोनच्या हल्ल्यात जवान वाचला असता का? हो किंवा नाही. कारण लिहा. कुठला जवान, ते लिहिलं नव्हतं. मी घडी घालून फॉर्म खिशात ठेवला आणि म्हणालो, "आधी घालून बगतो, मंग लिवतो."

त्या दिवशी स्कूटर घेऊन घरी निघालो तर डोक्यात फॉर्म असायला हवा होता, पण डोक्यात आला बाप. बापाचं नाव गुंडा. मेंढरांमागं चालता चालता त्याच्या हातातली चाती गरगर फिरायची आणि लोकरीचं सूत निघत राहायचं. ते सूत सणगराकडं जायचं आणि घोंगडं होऊन परत यायचं. मी आठ वर्षांचा असताना माझ्यासाठी पहिलं घोंगडं झालं तेव्हा बापानं फीत नव्हती लावली. मला जमिनीवर उताणा निजवलं, डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या हातानं कोपरभर कोपरभर मोजलं आणि वर एक हात जास्त धरला. "वाढणार की त्यो," आई, म्हणजे केराबाई, चुलीपाशी बसून म्हणाली. "वाढंल न्हाय तर खोळ मोठी व्हईल," बाप म्हणाला. त्या घोंगड्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या लोकरीचा, धुराचा, कोकराच्या तोंडाच्या दुधाचा. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन मोडनिंबच्या अंगाला निघायचो, वाटेत लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचो. डोक्यावरून घोंगड्याची खोळ घातली की ऊन लागायचं नाही, पाऊस लागायचा नाही, काटा टोचायचा नाही. मला खरोखर वाटायचं की घोंगड्यातल्या माणसाला काही होत नसतं. एवढा निर्धास्त मी पुन्हा कधी झालो नाही, हातात बंदूक आली तरी नाही.

आणि लांडगा. आमच्या माळावर तेव्हा लांडगे असायचे, आजही आहेत म्हणतात. लांडगा लागला की मेंढरं चौफेर उधळायची. बाप चाती टाकायचा, गाल फुगवायचा, ओठ थरथरवून एक लांब "बुर्रर्रर्र" काढायचा आणि शेवटी वर चढत जाणारं "होऽऽ". बस्स! उधळलेली दीडशे मेंढरं जागच्या जागी वळायची आणि त्याच्या पायांशी येऊन एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची. "पांगू द्यायची न्हाईत, बिरू," तो सांगायचा, "लांडगा येकटं मेंढरू धरतो. गोळा झाल्याली बगून त्यो बसून ऱ्हातो." ती हाक शिकायला मला एक हिवाळा लागला. पहिल्यांदा मेंढरं माझ्या हाकेला वळली तेव्हा बापानं आपल्या अंगावरचं घोंगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. दोन दोन घोंगडी पांघरून मी दिवसभर घामाघूम होऊन हिंडलो. पलटणीत पुढं बरंच काही छातीवर लागलं, त्याची सर एकालाही नाही.

ही हाक मी पलटणीत नेली. नेली म्हणजे काय, तोंडातच होती. भरती झालो त्या वर्षी पीटीच्या मैदानावर सगळ्यांना गोळा करायचं होतं, उस्तादाची शिट्टी हरवली, आणि मी गाल फुगवले. अख्खं मैदान हसून लोळलं. एक काळा उंच पोरगा मात्र दोन हात जमिनीला टेकून "ब्याऽऽ" करत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बंदे, कुरुबा, बंदे!" बंदे म्हणजे कानडीत आलो. कुरुबा म्हणजे मेंढरंवाला. मी त्याची गचांडी धरली. "कुटला रं तू?" तर म्हणाला, "मैंदर्गी. यप्पा, सोड की! बोलीवरनं वळखलं, अंगणातला माणूस हाईस तू." तो शरणबसव. तिथून पुढची पंचवीस वर्षं मी हाक मारली की तो मेंढरू होऊन यायचा. जेवणाच्या रांगेत, रेल्वेच्या फलाटावर, बर्फात तंबू ठोकताना. सुट्टीवरून येताना त्याच्या ट्रंकेत कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणीचा डबा असायचा. पंजाब्यांना ती भाकरी पापड वाटायची. आम्ही दोघं ती चहात बुडवून खायचो आणि मैंदर्गीच्या बाजारात आता काय भाव असेल यावर भांडायचो. मी सुभेदार झालो, तो हवालदारच राहिला. चारचौघांत मला "साहेब" म्हणायचा आणि तंबूत शिरला की "ए बिऱ्या". तो तंबू, ती बुडवलेली भाकरी, ते निरर्थक भांडण आज कुणी परत दिलं ना, तर बदल्यात माझी ही पेन्शनीतली सगळी वर्षं मी देऊन टाकीन. स्वस्तात सुटलो म्हणेन.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. वरच्या चौकीला पाणी आणि बॅटऱ्या पोचवायच्या होत्या, दुपारचे तीन वाजले होते, एका कोरड्या ओढ्यातून चढत होतो. आधी आवाज आला, गाडग्यात माशी अडकावी तसा. ड्रोन आला की पांगायचं, एकेकट्यानं जमिनीला चिकटायचं आणि हलायचं नाही, ही शिकवण. ही शिकवण पलटणीत देणारा कोण? मी. फळ्यावर खडूनं चित्र काढून. शरणबसव शिकवल्याप्रमाणं सरळ एका खडकाच्या छपरीखाली जाऊन पालथा पडला. बाकी दोन जवान उघड्यावर दोन दिशांना धावत सुटले. आणि त्यांना तसं उधळलेलं पाहिलं मात्र, माझे गाल फुगले. मी विचार केला नाही. विचार केला असता तर गप्प बसलो असतो. माळावरची हाक माझ्या तोंडातून त्या ओढ्यात पडली, "बुर्रर्रर्र होऽऽ", आणि ते दोघं जवान वळले, माझ्याकडं आले. सुभेदाराचा हुकूम वाटला त्यांना. पण शरणबसव? त्याला कुणी हलवलं नव्हतं. त्याच्या डोक्यावर खडक होता. मागाहून चौकशीला गेलो तेव्हा मी ते अंतर मोजलं, एकोणीस पावलं. त्यानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, या खेपेला मेंढराचा आवाज नाही काढला. नुसता "बंदे" म्हणाला आणि उठून आला. लांडगा गोळा झालेली मेंढरं बघून बसून राहतो. ड्रोनला गोळा झालेलीच हवी असतात. हे बापाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, मला होतं.

गोळा पडला, फुटला. दोघांना खरचटलं, मला तेवढंही नाही. शरणबसवच्या जांघेत तुकडा शिरला, अगदी वर, जिथं रक्त थांबवायचा पट्टा आवळता येत नाही. हेलिकॉप्टर यायला आभाळ मोकळं नव्हतं. मी त्याला पाठीवर घेतला. पंचाहत्तर किलोचा गडी, वर माझे गुडघे सेहेचाळीस वर्षांचे. खालच्या मदत चौकीपर्यंत दोन तास दहा मिनिटं लागली. त्याची हनुवटी माझ्या डाव्या खांद्यावर होती आणि टोपाच्या पट्ट्याची कडी प्रत्येक पावलाला तिथं टोचत होती, गार. सुरुवातीला बोलत होता. "बिऱ्या, हळू की, भाकरी मोडतील." भाकरी कुठल्या? ट्रंक खाली बरॅकीत होती. मग नुसता श्वास. मग कडी तेवढी टोचत राहिली. कुठल्या पावलाला तो गेला ते मला कळलं नाही.

जखमी साथीदाराला गोळीबाराच्या टापूतून खाली आणल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोनं, विजयमालानं, ते काचेत घालून टीव्हीच्या वर लावलंय. हाकेबद्दल कुणी विचारलं नाही, त्या दोन जवानांनी सांगितलं नाही, मी लिहिलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी शरणबसवच्या घरी जातो. त्याची बायको भाकरी आणि शेंगाचटणी वाढते, "भाऊ, तुम्ही होता म्हणून निदान देह तरी घरी आला," असं म्हणते, आणि मी खाली मान घालून जेवतो. तीन वर्षं जेवतोय. लाज वाटते का? वाटते. तरी जातो. न गेलो तर त्याचंच घर मला परकं होईल, या भीतीनं जातो.

चाचणी होटगीच्या पुढं माळावर, एका बंद पडलेल्या खाणीपाशी ठेवली होती, सकाळी सहाला, उन्हं तापायच्या आत. शिवलीला आणि पंचाक्षरीनं मिळून मला त्या घोंगड्यात बसवलं, बकलं लावली, बटण दाबलं. आणि काय सांगू! मी पाऊल टाकलं आणि गुडघा बोललाच नाही. रोज सकाळी संडासाला जाताना कण्हणारा माझा उजवा गुडघा, गप्प. मी चाललो, मग भरभर चाललो, मग चक्क पळालो. गवतातनं तितर उडाला, त्याच्यामागं पळालो. पायांखाली तोच माळ, तेच खुरटं गवत, तीच करवंदाएवढी खडी, आणि अंगात दुसऱ्याची ताकद. "काका, सावकाश!" शिवलीला ओरडत होती आणि मी बारा वर्षांच्या पोरासारखा खिदळत होतो. किती दिवसांनी मी असा हसलो, मलाच आठवेना.

मग पंचाक्षरीनं ड्रोन उडवला. त्याला खाली हळदीच्या पुड्या बांधल्या होत्या. पुडी अंगावर फुटली की लागला म्हणायचं. "लपा कुठंही," तो म्हणाला. मी वेड्या बाभळीत शिरलो, खाणीच्या कडेला चिकटलो, खड्ड्यात आडवा झालो. पाच पुड्यांतल्या चार माझ्यावर फुटल्या. पाठ, टोप, खांदे पिवळेजर्द, जत्रेत देवापुढं भंडारा उधळल्यासारखे. चूक पंचाक्षरीची नव्हती, पोरगं चांगलं उडवतं. पण माझ्याच मोटारींच्या गुणगुणीत मला ड्रोन ऐकू येत नव्हता. मोटारी तापल्या होत्या आणि त्याच्या उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात मी गार माळावर पेटत्या चुलीसारखा दिसत होतो. त्यानंच मला पडद्यावर दाखवलं. आणि चाळीस मिनिटांत बॅटरी निम्म्याच्या खाली. "छातीवर आला असता तर पाटानं अडवला असता," शिवलीला म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. मी जांघेकडं बोट दाखवलं. तिथं पाट नव्हता. पाट घातला तर पाय वाकत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती बूट पुसत बसली, जे पुसायची काही गरज नव्हती.

तिचं ते तोंड मला बघवेना. म्हणून म्हणालो, "पोती हाईत का वाळूची? पंचाहत्तर किलो बांध माज्या पाटीवर." तिनं कशाला ते विचारलं नाही. दोघांनी बॅटरी बदलली, पोती चढवली, पट्ट्यांनी आवळली. मी खाणीत उतरलो, पलीकडचा चढ चढलो, वळसा घालून परत आलो. तसा तीनदा. त्या ओढ्याएवढंच अंतर होईल असा हिशेब मी मनात धरला होता. धाप नाही, गुडघा नाही, पाय घसरणं नाही. थांबलो तेव्हा शिवलीलानं हातातलं घड्याळ दाखवलं. बत्तीस मिनिटं. मी तिथंच उभा राहिलो. पाठीवर पोती होती आणि ती मला लागत नव्हती, आणि त्या न लागण्यानं माझं काळीज फाटलं. बत्तिसाव्या मिनिटाला शरणबसव बोलत होता. बत्तिसाव्या मिनिटाला तो भाकरीची काळजी करत होता.

"काका? रडताय तुम्ही?"

"शिवलीला, तुजा बाप छपरीखाली व्हता," मी म्हणालो. "त्याच्या डोस्क्यावर खडक व्हता. त्याला काय बी झालं नसतं. मी हाक मारली. पांगायचं सोडून मी सगळ्यास्नी माज्यापाशी बोलावलं. आमच्या बानं मेंढरं गोळा करायला शिकवल्याली हाक. त्यो उठून आला. मी बोलावलं म्हून आला."

पंचाक्षरीनं ड्रोन उचलला आणि गाडीकडं निघून गेला. शहाणं पोरगं. शिवलीला खाली खडीवर बसली. मग म्हणाली, "तीन वर्षं तुम्ही आमच्या घरी जेवताय."

"व्हय."

"आई तुमच्यासाठी वेगळी चटणी कुटते. तिखट कमी करून."

"व्हय."

ती उठली आणि चालत लांब गेली, बाभळीपाशी, पाठमोरी उभी राहिली. आता ही पोरगी मला पुन्हा तोंड दाखवणार नाही, असं मला वाटलं, आणि ते बरोबरही वाटलं. मी माझ्या हातानं बकलं सोडायला गेलो तर ती पाठमोरीच, तिकडूनच म्हणाली, "कसली हाक? मारून दाखवा."

"नगं गं."

"मारा काका."

मी गाल फुगवले. ओठ कोरडे पडले होते, पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा निघाली. "बुर्रर्रर्र होऽऽ." खाणीच्या भिंतीला जाऊन ती परत आली, आणि ती परत यायच्या आत बाभळीपाशी शिवलीला वळली होती. "बंदे," तिच्या तोंडून गेलं. मग तिनं आपल्याच तोंडावर हात दाबला.

"पप्पा आम्हाला जेवायला असंच बोलवायचे," ती जवळ येत म्हणाली. "सुट्टीवर आले की. आम्ही कुठंही खेळत असलो ना, ही हाक आली की मी आणि माझा भाऊ अभिमन्यू 'बंदे' ओरडत घराकडं पळायचो. मला वाटायचं ही त्यांची हाक आहे. तुमची आहे हे त्यांनी कधी सांगितलंच नाही की." आणि मग ती रडली. माझ्या छातीच्या पाटावर कपाळ टेकून, एवढ्या मोठ्यानं, की खाणीतले पारवे उठले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, पण मोटारीचा हात जड पडेल म्हणून ठेवला नाही.

फॉर्म मी गाडीच्या बॉनेटवर ठेवून तिथंच भरला. शेवटच्या प्रश्नापुढचं हो खोडलं, नाही खोडलं, आणि माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं. ड्रोनपासून वाचला नसता. माझ्यापासून वाचला नसता. पण त्याला उचलणाऱ्याच्या अंगात हे असतं, तर जखमेतून वाचला असता. खाली सही, नाव, पलटणीतला हुद्दा. शिवलीलानं ते दोनदा वाचलं. मला माफ केलं की नाही, ते तिच्या तोंडावर मला दिसलं नाही आणि विचारायची माझी छातीही झाली नाही. तिनं नाक पुसलं, फॉर्म फाइलमध्ये ठेवला आणि पिशवीतून फीत काढली.

"पुढचे पाट काढून टाकते," ती म्हणाली. "वजन निम्मं होईल. मागं जखमी माणूस बसेल अशी जागा करायची. डोकं कुठं टेकतं त्याचं?"

मी डावा खांदा दाखवला. "हितं."

"हलू नका."

फितीचं टोक टेकलं. उन्हं वर आली होती, माळ तापायला लागला होता, तरी ते गार लागलं. मी हललो नाही.